गादो ऐकू येऊदे : डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मालवण, दांडी, तारकर्ली, देवबाग, भोगवे आणि निवती इथले समस्त डॉल्फिन-बोटमालक, तांडेल आणि खलाशी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी नावानं ओळखतो, उरलेल्यांना त्यांच्या बापाच्या नावानं. त्यामुळे हे पत्र लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. परदेशात बसून मालवणच्या माणसांना शहाणपण शिकवणाऱ्यांची आपल्याकडे आधीच कमी नाही. चतुर्थीला येतात, चार दिवस सोलकढी पितात, ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणतात आणि जातात. मी त्यातला नाही असा दावा करत नाही. पण या पत्रातला पहिला गुन्हा माझाच आहे, तो आधी सांगून टाकतो.

गेल्या जानेवारीत मुलांना घेऊन घरी आलो होतो. आपल्याच किनाऱ्यावरच्या एका ठिकाणाहून (जागेचं नि बोटीचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही) सकाळी साडेसातला डॉल्फिन बघायला निघालो. वारा पडलेला, पाणी तेलासारखं. पंधरा मिनिटांत तीन गादे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन, दिसले. दोन मोठे, पाठीवर तो उंचवटा आणि त्यावर इवलासा पर, आणि त्यांच्या कुशीला लागून एक लहानगं करड्या रंगाचं पिल्लू. आमचा बोटवाला हात राखून होता. इंजिन हळू करून तो लांबूनच चालला होता. तोवर मोबाईल वाजले, आणि दहा मिनिटांत आमच्यासकट सात बोटी जमल्या. सगळ्या त्या तिघांच्या भोवती. तेव्हा आमच्या बोटीतून कुणीतरी ओरडलं, “वायच जवळ घे रे!”

तो मी होतो.

त्यानं घेतली. गिऱ्हाईक बोलतंय आणि वर गावातलंच आहे, बिचारा काय करणार? पिल्लू दोन बोटींच्या मधे वर आलं, तिथून कसंबसं आईच्या बाजूला वळलं, आणि मग तिघंही खाली गेले ते गेलेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पैसे वसूल.

त्या सकाळचा सत्तेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. सिएटलला परतल्यावर तो मी कितीजणांना दाखवला असेल. त्यात इंजिनांची घरघर आहे, कुठल्यातरी बोटीवर लावलेलं गाणं आहे, “थंयसर बघा, थंयसर” आहे, माझा आवाज आहे. गाद्याचा आवाज नाही. हे माझ्या लक्षात यायला सप्टेंबर उजाडला.

गाद्याला आवाज असतो हे मला आजोबांनी शिकवलं होतं. त्यांच्या पातीला, म्हणजे लहान होडीला, इंजिन नव्हतं. सकाळी धुक्यात वल्हं उचलून धरायचे आणि म्हणायचे, “गप रव, आयक.” मग कुठूनतरी यायचा तो, फुस्स. सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा, पण ओला. त्यानंतर दुसरा. दिसायचं काही नाही. आजोबांना गाद्याचं कौतुक होतं असं मुळीच समजू नका. ‘गादो इलो म्हणजे म्हावरा लांब नाय’ म्हणणारा हाच माणूस दुपारी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) बसून “मेल्यान जाळा फाडल्यान” म्हणत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. जाळ्यातला मासा पळवणारा आणि वर जाळं फाडून जाणारा हा चोर, आपल्या गाबीत मच्छीमारांच्या घरांत त्याला कधी कुणी ओवाळलं नाही. आज तोच चोर तुमच्या पोरांच्या फिया भरतो. माझ्या लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर आजोबा जाळं विणायचं सोडून हसत बसले असते.

आता सप्टेंबरचं सांगतो.

सिएटलच्या उत्तरेला, अमेरिका आणि कॅनडा यांच्या मधल्या समुद्रात, सान व्हान नावाचा बेटांचा पुंजका आहे. लोपेझ, ओर्कास, सान व्हान ही मोठी. पटॉस, सुशिया, स्पायडन अशी लहान पुष्कळ. निवतीच्या खडकांपासून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतची आपली सगळी बेटं उचलून पंधरा-वीस पट मोठी केली, माडांच्या जागी सुरूसारखी दिसणारी उंच झाडं लावली आणि पाणी असं गार केलं की पडला तर माणूस पोहण्याआधी कडकडेल, तर जे होईल ते. तिथे अॅनाकोर्टिस नावाच्या गावातून व्हेल दाखवणाऱ्या बोटी सुटतात. ऐंशी माणसं बसतील अशी बोट, माणशी सव्वाशे डॉलर. हो, सव्वाशे. हा आकडा पुढे परत येणार आहे.

तिथले लोक जे बघायला जातात तो ओर्का, म्हणजे किलर व्हेल. नावात व्हेल असलं तरी जातीनं तो डॉल्फिनच; डॉल्फिनांच्या कुळातला सगळ्यांत मोठा. आपल्या गाद्याचा थोरला चुलता म्हणा. नराचा पाठीवरचा पर माणसाच्या उंचीहून उंच. त्या समुद्रात दोन प्रकारचे ओर्का येतात आणि दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, ना रोटी ना बेटी. एक फक्त मासे खातो, त्यातही मुख्यतः चिनूक नावाचा सामन मासा. आपल्याकडे कुणी सुरमईशिवाय जेवायलाच बसणार नाही म्हणावं, तसा. दुसरा सील मारून खातो. मासे खाणाऱ्यांचे तीन कळप, त्यांना जे, के आणि एल अशी अक्षरं दिलेली. तिन्ही मिळून प्राणी जेमतेम सत्तरच्या वर. १९७६ पासून तिथले संशोधक दरवर्षी त्यांची शिरगणती करतात, पाठीवरचा पांढुरका डाग आणि परावरच्या खाचा बघून. प्रत्येकाला नंबर आहे, प्रत्येकाची आई कोण, आजी कोण याची वंशावळ आहे.

बोट सुटून तास झाला असेल. धुकं विरळ होत होतं. कप्तानाचा रेडिओ खरखरला, त्यानं ऐकलं, आणि मग माईकवर येऊन जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. ‘जे’ अक्षराचा कळप सान व्हान बेटाच्या पश्चिमेला आहे, म्हणाला, आणि आपण तिकडे जाणार नाही. आणि त्यानं बोट उत्तरेला वळवली.

गिऱ्हाईकानं पैसे मोजलेत, व्हेल कुठे आहेत हे कळलंय, आणि हा माणूस उलट दिशेला चाललाय! माझ्या पुढच्या बाकावरच्या बाई कुरकुरल्या. माझ्यातला मालवणचा गिऱ्हाईकही कुरकुरला, खोटं कशाला बोलू. पण कप्तानाला पर्याय नव्हता. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: मासे खाणाऱ्या ओर्कांपासून प्रत्येक बोटीनं, मग ती पर्यटनाची असो की कुणाची खासगी, हजार यार्ड लांब राहायचं. म्हणजे नऊशे मीटरहून जास्त. दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहून किल्ल्याच्या तटावरचा माणूस ओळखायचा झाला तर कसं होईल, तसलं अंतर.

आम्ही पटॉस बेटाजवळ गेलो. तिथे सील खाणारे चार ओर्का होते. त्यांची संख्या वाढती आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी अंतर कमी, दोनशे यार्ड. कप्तानानं बोट त्यांच्या वाटेच्या बाजूला आणून उभी केली. पाठलाग नाही, आडवं जाणं नाही. ते ज्या दिशेनं चालले होते तिकडे लांबून जाऊन थांबला आणि इंजिन बंद केलं. ऐंशी माणसं गप्प. लहान पोरंसुद्धा. पाणी बोटीच्या अंगाला लागल्याचा आवाज तेवढा.

आणि मग, फुस्स.

दोनशे यार्डांवरून. स्पष्ट. आजोबांच्या पातीतला आवाज, फक्त दहा पटींनी मोठा. एकामागून एक चार वेळा, आणि शेवटचा जरा बारीक, म्हणजे पोराचा असावा. पर दिसले तेही लहानच दिसले, फोटोत तर काळे ठिपके. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचं दाखवण्यासारखं काहीही नाही. पण रात्री घरी येऊन जानेवारीचा व्हिडिओ पुन्हा लावला तेव्हा कळलं की दहा फुटांवरून मला जे मिळालं नव्हतं ते मी तिथून घेऊन आलो होतो.

आता ‘बघा, गोरे लोक कसे शहाणे’ असं म्हणायला मी हे लिहीत नाही. त्यांनी जे केलं ते आपण कधी केलं नाही. १९६० ते ७० च्या दशकात याच बेटांमधून मत्स्यालयांना विकण्यासाठी ओर्का पकडत असत. विमानातून कळप शोधायचा, वेगवान बोटींनी हाकायचा, पाण्यात बार फोडायचे, खाडीत कोंडायचं आणि पिल्लं जाळ्यात घ्यायची. पिल्लंच, कारण वाहून न्यायला सोपी. १९७० च्या ऑगस्टमध्ये व्हिडबी बेटाच्या पेन कोव्हमध्ये ऐंशीच्या वर ओर्का कोंडले होते. सात पिल्लं विकायला नेली, पाच जण जाळ्यात गुदमरून मेले. मेलेल्यांची पोटं चिरून, त्यात दगड भरून, नांगर बांधून त्यांना बुडवलं, कुणाला कळू नये म्हणून. नोव्हेंबरात त्यातली काही कलेवरं किनाऱ्याला लागली. नेलेल्या सातांपैकी एक मादी फ्लोरिडातल्या मायामीत एका टाकीत पन्नासहून जास्त वर्षं राहिली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथेच मेली. त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी असलेले लमी लोक ओर्कांना पाण्याखालचे सगेसोयरे मानतात. त्यांनी तिला परत आणण्यासाठी खटाटोप केला, तो तसाच राहिला. १९७६ नंतर पकडणं थांबलं, पण तोवर मासे खाणाऱ्या कळपांची एक अख्खी पिढी गेली होती. ज्या माद्या पुढे व्यायच्या त्याच टाक्यांमध्ये होत्या.

मग आले आपल्यासारखे लोक, फोटो काढणारे. पकडणाऱ्यांपेक्षा फारच बरे, यात वाद नाही. बोटवाल्यांनी १९९४ मध्ये आपली संघटना काढली, काही नियम स्वतःच घालून घेतले. त्याच्या आदल्या वर्षापासून फ्रायडे हार्बरच्या व्हेल म्युझियमची एक लहान बोट समुद्रात फिरून खासगी बोटवाल्यांना समजावत होती, ‘बाबांनो, लांबून बघा.’ पण बोटी वाढत गेल्या आणि ओर्का घटत गेले. १९९५ मध्ये ते ९८ होते. २००५ मध्ये सरकारनं त्यांना नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत टाकलं. २००८ मध्ये राज्याचा कायदा आला: तीनशे फूट, म्हणजे शंभर यार्ड लांब. २०११ मध्ये दोनशे यार्ड. २०१९ मध्ये बाजूनं तीनशे, पुढून-मागून चारशे. पुढे परवान्याची भानगड आली, ऐन हंगामात एका कळपापाशी एका वेळी पर्यटनाच्या तीनच बोटी, त्याही ठरलेल्या तासांत. आणि आता हजार.

हे आकडे मी मुद्दाम ओळीनं लिहिले, कारण तुमच्यासाठी या पत्रात जे काही आहे ते इथेच आहे. शंभर यार्डांचा प्रश्न होता तेव्हा तो शंभरात मिटला नाही, म्हणून हजारावर गेला. आणि हजारावर नेणारे बोटवाले नव्हते.

बोटींमुळेच ओर्का घटले असं कुणी म्हणत नाही. सामन कमी झाला, नद्यांवर धरणं आली, पाण्यात विषं साचली. २०१८ मध्ये एका मादीनं आपलं मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर वाहिलं, ते काही बोटीनं मारलेलं नव्हतं. बोटीचा वाटा कुठे येतो तर भुकेत. हा प्राणी आवाजानं शिकार करतो. टकटक आवाज सोडायचा, माशावर आपटून परत येणारा ऐकायचा, आणि त्यावरून मासा कुठे आहे ते ओळखायचं. सरकारी संशोधकांनी रबरी चोषकानं चिकटणारी छोटी यंत्रं त्यांच्या पाठीवर बसवून पाहिलं. बोट चारशे यार्डांच्या आत आली की माद्या शिकारीचा नाद सोडून देतात. आधीच मासा कमी, त्यात तो शोधताना कानाशी भोंगा. बाजारात उभं राहून पापलेटचा भाव विचारावा आणि शेजारी कुणी डीजे लावावा, तसं.

आपला गादाही असाच कानानं जगतो. उथळ, गढूळ पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी राहणारा जीव. तिथे डोळ्यांचा उपयोग तो किती? कर्ली नदीच्या मुखाशी तो उगाच फिरत नसतो, बोयरं-पेडवे कुठे आहेत ते ऐकत असतो. म्हणजे ज्या जागी त्याचं ताट वाढलेलं, नेमकी तीच आपली सफारीची जागा. आणि आपल्याकडे सकाळी आठ ते अकरा, जेव्हा पाणी शांत, तेव्हाच त्याचं जेवण आणि तेव्हाच आपला धंदा. मादीला तीनेक वर्षांनी एक पिल्लू होतं. जानेवारीत मी ज्याच्या अंगावर बोट घालायला सांगितली ते तीन वर्षांतलं एक होतं.

कायद्याची गोष्टही कानावर घालतो, धमकी म्हणून नव्हे. गादा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. आणि १९७२ च्या त्या कायद्यात ‘शिकार’ शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात प्राण्याला हाकत नेणंही येतं. सात बोटींनी घेरून गादा हाकणं त्यात बसतं की नाही हे उद्या एखादा साहेब ठरवेल. त्यानं ते ठरवायच्या आधी तुम्ही काही ठरवलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

साहेब ठरवतात तेव्हा काय होतं हे मालवणला मी सांगायला नको. १९८७ साली किल्ल्याभोवतालचा एकोणतीस चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आमच्या आवाठात ती बातमी कशी पोचली नि काय बोललं गेलं ते अजून लोकांच्या तोंडी आहे. रेघ कुठून जाते, कुणाच्या रापणीची जागा आत येते, कुणाची बाहेर, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना विचारलं नाही, ही तक्रार मी आजोबांच्या, वडिलांच्या आणि आता चुलतभावाच्या तोंडून ऐकली आहे. तिघांच्याही तोंडी शब्द तेच. डॉल्फिनच्या बाबतीत अजून कुणी रेघ मारलेली नाही. पेन्सिल आज तुमच्या हातात आहे.

किती अंतर, ते तुम्ही ठरवा. मी हजार यार्ड म्हणत नाही, ते आपल्या पाण्यात वेडेपणाचं होईल. एवढ्यावरून गादा दिसणारच नाही, तो काही ओर्काएवढा नाही. पण पन्नास मीटर? एका वेळी दोन बोटी, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी धरायची? पिल्लू दिसलं तर सरळ वळायचं? आडवं कधीच जायचं नाही, बाजूनं समांतर चालायचं किंवा पुढे जाऊन इंजिन बंद करून बसायचं; गाद्याला यायचं असेल तर तो येईल. येतोही. आपल्यातल्या जुन्या तांडेलांना हे माझ्यापेक्षा शंभर पटींनी कळतं, वारा नि भरती बघून गादा कुठून वर येणार हे ते आधी बोट करून सांगतात. पळणाऱ्या बोटीला ही विद्या लागत नाही. थांबणाऱ्या बोटीला लागते. मग तिचे पैसे का नाही घ्यायचे?

सव्वाशे डॉलरचा आकडा आठवतोय? त्या पैशात मला ओर्का पंचवीस मिनिटं दिसले, तेही लांबून. उरलेले चार तास गोष्टी होत्या. बोटीवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. स्पायडन बेटावर परदेशी मेंढे आणि हरणं कशी आली (सत्तरच्या दशकात शिकारीच्या हौशेसाठी आणून सोडली, शिकार बंद पडली, मेंढे राहिले), खडकावर लोळणारे ते पिवळट धूड कोण, दीपगृह कधी बांधलं, सगळं त्या सांगत होत्या. आपल्याकडे गोष्टी कमी आहेत? किल्ला १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला, तो शिसं ओतून कसा उभा केला, हे तुमच्यातला शाळकरी पोरगाही सांगेल. निवतीच्या खडकांवरच्या गुहांमधली ती पाकोळ्यांची घरटी. रापण कशी ओढतात. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समोर निळे देवमासे दिसले, पृथ्वीवरचा सगळ्यांत मोठा प्राणी, आपल्या घरासमोर! २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर लुबान नावाच्या एका कुबड्या देवमाशाच्या मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं, ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे कुणी सांगितलं तर तो तोंड उघडं टाकून ऐकेल. सध्या त्याला आपण इंजिनाचा आवाज ऐकवतो.

‘शंभर टक्के डॉल्फिन दाखवणार’ हे फलक तेवढे उतरवा. सगळ्या पळापळीचं मूळ तिथे आहे. तिकडेही हमी असते, पण पैसे परतीची नसते. नाही दिसला तर पुन्हा कधीही फुकट या, एवढीच. मला माहीत आहे, आपल्याकडचा पर्यटक दुपारच्या गाडीनं कोल्हापूर गाठणार, त्याला उद्याची चिठ्ठी देऊन काय उपयोग? यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण शब्द ‘दाखवणार’ ऐवजी ‘शोधायला जाऊया’ असा केला तर निदान भांडण किनाऱ्यावरच मिटेल, पाण्यात नाही.

तिथली अजून एक गोष्ट मला आवडली, आणि तिला काही खर्च नाही. जवळ व्हेल असला की बोटीवर एक विशिष्ट झेंडा चढवतात, त्यावर देवमाशाची शेपटी काढलेली. तो दिसला की येणाऱ्या प्रत्येक बोटीनं वेग कमी करायचा. पर्यटनाचीच नव्हे, मच्छीमारीची, मालाची, सगळ्यांनी. झेंडे लावण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. होळीला, निवडणुकीला, जत्रेला बोटी सजतातच की. एक गाद्याचा झेंडा करूया. शाळेतल्या पोरांकडून चित्र काढून घेऊया, शिवून द्यायचं काम बचत गटाच्या बायकांकडे. पहिल्या पन्नास झेंड्यांचा खर्च माझा, हे लेखी देतो.

तुमच्यावर सगळं ढकलून मोकळा होणाऱ्यांतला मी नाही. एलईडी दिव्यांनी मासे ओढून समुद्र ओरबाडणारे, बेकायदा पर्ससीन जाळीवाले, वरून येणारे प्रकल्प यांच्यापुढे तुमच्या आऊटबोर्ड इंजिनाचा गुन्हा किती तो! तुम्ही म्हणाल, मोठे चोर सोडून आमच्याच मागे का? कारण मोठ्या चोरांना मी पत्र लिहिलं तर ते वाचणार नाहीत. आणि मालवणच्या मच्छीमारानं गाद्यासाठी, कासवासाठी स्वतःचं जाळं कापलेलं मी पाहिलंय. २०१८ च्या शेवटापासून सरकार अशा जाळ्याला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, पण कापणारे त्याआधीही कापत होते, पदरचं जाळं घालवून. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा दिवाळी सोडून लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत उभे होते. खोल समुद्रात नेऊन सोडलं तरी ते वाचलं नाही. जो माणूस मरणाऱ्या पिल्लासाठी रात्रभर पाण्यात उभा राहतो, त्याला जिवंत पिल्लासाठी इंजिन बंद करायला सांगणं हा त्याचा अपमान नाही, असं मी धरून चालतो.

पर्यटकांनाही दोन शब्द खडसावून सांगायला हवेत, पण ते माझं पत्र वाचणार नाहीत, तुमचं ऐकतील. बोट सुटण्याआधी सांगा: आम्ही जवळ नेत नाही. गाणी बंद. गादा दिसला की गप्प बसायचं. एखादा माझ्यासारखा शहाणा “वायच जवळ घे” म्हणालाच, तर त्याला सरळ म्हणा, “गप रव, आयक.” रागावला तर रागावला. ऐकू आल्यावर विसरेल.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येतोय. बरोबर तिकडची दोन कुटुंबं आहेत, एक मूळचं पुण्याचं, एक नागपूरचं. एकूण अकरा माणसं. त्यातल्या सहाजणांनी समुद्र नीट पाहिलेलाही नाही. गाद्यापाशी इंजिन बंद करणारी बोट कुणाची असेल, त्यानं दांडीवर आमच्या चुलतभावाकडे निरोप ठेवावा. पूर्ण बोटीचे पैसे आधी देतो, गादो दिसो वा न दिसो. निघायचं साडेसहाला, कारण साडेसातला पोचलो तर तुम्ही सगळे तिथे असणार.

कळावे, लोभ असावा.

तुमचोच,
दांडीवरचो एक झील
सध्या मुक्काम सिएटल